आर्थर ॲश म्हणजे सुविचार नव्हे

आमच्या जळगावकडच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर अमेरिकेचा काळा टेनिसपटू आर्थर ॲश अधूनमधून हमखास येतो. गुलाबाच्या चित्रावर. विम्बल्डनचा कप हातात आला तेव्हा देवाला 'मीच का?' विचारलं नाही, मग एड्स झाल्यावर कसं विचारू, वगैरे. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. परवा पारोळ्याच्या मामांनी लिहिलं, "संत माणूस व्हता भो!"

मामा, संत कसला? पक्का लढवय्या होता तो. आवाज चढवत नव्हता, एवढंच.

१९४३ चा जन्म, व्हर्जिनियातलं रिचमंड. वडील काळ्यांसाठी राखलेल्या पार्कचे रखवालदार, घरही तिथंच, म्हणून टेनिस कोर्ट दाराशी. गोऱ्यांच्या कोर्टवर मात्र मज्जाव. त्याचे कोच डॉ. जॉन्सन पोरांना बजावत: पंचाशी वाद घालायचा नाही, आणि समोरच्याचा चेंडू रेषेच्या जरा बाहेर पडला तरी आत धरून खेळायचा. काळा पोरगा लबाडी करतो, असं म्हणायची सोय कुणाला ठेवायची नाही! त्याच्या ज्या शांतपणाचं आपण कौतुक करतो, तो असा सक्तीनं अंगी बाणवलेला.

मी शाळेत खेळ शिकवतो, म्हणून हे जास्त लागतं. सातपुड्यातली आमची पोरं जिल्ह्याच्या खो-खो स्पर्धेला येतात. पंचांनी ढळढळीत चुकीचं बाद दिलं तरी चड्डीची धूळ झटकून गप बाहेर जाऊन बसतात. कुणीतरी मागून म्हणतंच, "किती गुणी पोरं!" गुणी कसली, बोललो तर आपलंच नाव खराब होईल हे त्यांना ठाऊक असतं.

ॲश १९६८ ला यूएस ओपन जिंकला, पण हौशी खेळाडू म्हणून बक्षिसाची रक्कम मिळाली नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेनं व्हिसा नाकारला, तेव्हा त्यानं त्या देशाला डेव्हिस कपमधून, म्हणजे देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेतून, काढा म्हणून जोर लावला, आणि १९७० मध्ये काढलंही. १९७३ ला व्हिसा मिळाला तेव्हा अट घातली, प्रेक्षकांत काळे-गोरे वेगळे बसणार नाहीत. (पुढच्याच वर्षी आपल्या भारतानं वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्धची डेव्हिस कपची फायनल सोडून दिली. हेही ग्रुपवर कधी येत नाही.) १९७५ ला विम्बल्डनमध्ये त्या वेळच्या अव्वल जिमी कॉनर्सला हरवलं तेही डोक्यानं. कॉनर्सला वेगवान चेंडू आवडायचा, यानं तो दिलाच नाही.

बायपासनंतर दिलेल्या रक्तातून एचआयव्ही आला. एड्स हेच सर्वांत जड ओझं का, असं एका पत्रकारानं विचारलं, तर म्हणाला, नाही, काळं असणं. आणि सप्टेंबर १९९२ मध्ये, त्या अवस्थेत, हैतीच्या निर्वासितांसाठी व्हाइट हाउससमोर निदर्शनं करून अटक करवून घेतली.

आता मी आमच्या कॅप्टनला पंचांकडे पाठवतो. आवाज चढवायचा नाही, पण नियम विचारायचाच. मागच्या स्पर्धेत निर्णय काही बदलला नाही. पंचांना नियमावली मात्र पिशवीतून बाहेर काढावी लागली.