सातबारा कुणाचा, शेती कुणाची

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावी परतून मला चार वर्षे झाली. घरची अडीच एकर आणि शेजारच्या मळ्यातील खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, घेतलेली तीन एकर अशी साडेपाच एकर मी कसतो, कांदा, तूर आणि ज्वारी घेतो, पहाटे मोटर चालू करायला मीच उठतो. आणि तरीही शासनाच्या एकाही नोंदवहीत मी शेतकरी नाही. ‘तरुणांनी शेतीकडे वळावे’ हे वाक्य या चार वर्षांत मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की ते पुन्हा कानी पडले की उठून विचारावेसे वाटते, साहेब, वळलो, आता पुढे काय?

पुढे असते ते एकच उत्तर: सातबारा आणा. आमच्या अडीच एकरांचा सातबारा सामायिक आहे. त्यावर वडील, दोन चुलते आणि दोन आत्या यांची नावे आहेत आणि वडील हयात असल्यामुळे माझे नाव तिथे नाही. ठिबकच्या अनुदानासाठी अर्ज करायचा तर तो वडिलांच्या नावाने, शिवाय सर्व सहखातेदारांचे संमतीपत्र जोडून. धाकटे चुलते सुरतेला गिरणीत आहेत आणि एक आत्या गेली सहा वर्षे आमच्याशी बोलत नाही, त्यामुळे ठिबकचा प्रश्न पाण्याचा न राहता आत्याची समजूत काढण्याचा झाला. वाटणी करून घ्या, असा सल्ला कार्यालयात फुकट मिळतो. पण जो अधिकारी तो देतो, त्याने स्वतःच्या घरात कधी वाटणीचा विषय काढून पाहावा आणि मग त्या दिवाळीला कोण कोण जेवायला येते ते मोजावे.

कशीबशी संमती मिळवून अर्ज भरला, पूर्वसंमतीही आली. अल्पभूधारकाला केंद्राचे 55 टक्के आणि त्यावर राज्याची भर धरून 80 टक्के अनुदान, असे कागदावर आहे आणि ते वाचायला फार गोड वाटते. पण संच आधी पूर्ण पैसे भरून बसवायचा, बिले जोडायची, मोका तपासणी, म्हणजे प्रत्यक्ष शेतावरची पाहणी, व्हायची आणि मग अनुदान खात्यात केव्हा जमा होईल याची वाट पाहायची. ज्याच्याजवळ सगळे पैसे आधीच आहेत, त्यालाच मदत मिळण्याची ही सोय आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याजवळ नेमके तेवढेच नसतात. माझी बिले जोडून अकरा महिने झाले, पोर्टलवर अर्जाची स्थिती एका शब्दानेही हललेली नाही, आणि दुकानदाराची उधारी मात्र दर आठवड्याला फोन करून स्वतःची स्थिती कळवते.

खंडाच्या तीन एकरांची कथा याहून वाईट आहे. जमीनमालक सज्जन आहेत, पण कागदावर सही करणार नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. कसणाऱ्या कुळाला संरक्षण देणारा 1948 चा कुळकायदा आणि कुळे जमिनीची मालक ठरली तो 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन त्यांच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिला होता. लिहून दिले की जमीन गेली, ही भीती त्या घरात वारशाने आली आहे. ज्या काळी तो कायदा झाला त्या काळी त्याची गरज होती, हेही मला मान्य आहे. पण आज त्याचा परिणाम असा आहे की राज्यभर खंडाने आणि वाट्याने होणारे व्यवहार बहुतेक तोंडी होतात आणि कसणारा माणूस सरकारला दिसतच नाही. पीकविम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार हवा, तो नाही म्हणून विमा नाही. अतिवृष्टीत माझा कांदा शेतातच सडला तेव्हा पंचनामा झाला आणि भरपाई मालकांच्या खात्यात गेली; त्यांनी ती मला आणून दिली, हा त्यांचा चांगुलपणा झाला, शासनाची व्यवस्था नव्हे.

कर्जाचेही तेच. किसान क्रेडिट कार्डाच्या मार्गदर्शक सूचनांत खंडकरी, तोंडी कराराने कसणारे आणि वाटेकरी हेही पात्र असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. ती सूचना छापून मी बँकेत नेली. साहेबांनी ती शांतपणे वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारले, ‘‘बरं, सातबारा कुठे आहे?’’ ज्याच्या नावे जमीन आहे त्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास शून्य टक्के व्याजाने पडते. मी तोच कांदा, त्याच शिवारात, शेकडा तीनच्या सावकारी पैशावर लावतो, म्हणजे वर्षाला 36 टक्के.

माझ्या एका मित्राने रीतसर 2021 मध्ये सव्वा एकर विकत घेतली, सातबारा स्वतःच्या नावावर केला. त्याला वाटले, आपण तरी सुटलो. केंद्राच्या पीएम किसान योजनेच्या वर्षाला 6 हजारांसाठी अर्ज केला तेव्हा कळले की जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर असायला हवी होती. त्यानंतर वारसाने आली तर चालते, विकत घेतली तर नाही. म्हणजे शेतकरी व्हायचे असेल तर 2019 पूर्वी व्हायचे, नाहीतर बाप मरेपर्यंत थांबायचे. राज्याचे नमो सन्मानचे 6 हजारही त्याच यादीवरून मिळत असल्याने तेही गेले. आता 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे आणि तोही जमिनीलाच जोडलेला आहे. मधल्या काळात तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले. शेतकऱ्याची व्याख्या बदलायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

सल्ल्याची मात्र टंचाई नाही. ड्रॅगन फ्रूट लावा, प्रक्रिया उद्योग काढा, निर्यात करा, गट स्थापन करा. गेल्या प्रशिक्षणात एका वक्त्याने दीड तास शेडनेटमधील रंगीत ढोबळी मिरचीवर सांगितले. ज्याची जमीन पुढच्या पाडव्याला राहील की नाही याची खात्री नाही, त्याने शेडनेटचे खांब कुणाच्या रानात रोवायचे, असे मी विचारले, तर ‘‘प्रश्न शेवटी घेऊ’’ म्हणाले आणि शेवटी जेवण होते.

आता 1 जुलैच्या कृषिदिनाला तालुक्याला युवा शेतकऱ्यांचा मेळावा आहे. खुर्च्या भरायच्या असल्यामुळे गावातून दहा तरुण घेऊन या, असा मला फोन आला. नोंदणीचा अर्ज मोबाइलवर भरायचा होता. नावाखाली जमिनीच्या गट क्रमांकाचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. मी वडिलांचे नाव आणि वडिलांचा गट क्रमांक टाकला. ते 71 वर्षांचे आहेत.