पॉइंटला किती घेता?

घराचं वायरिंग काढलंय? मग इलेक्ट्रिशियन दारात आल्या आल्या एकच प्रश्न विचारा : पॉइंटला, म्हणजे एकेका दिव्या-पंख्या-सॉकेटमागे, किती घेता? तो लोड विचारेल, मीटर सिंगल फेज की थ्री फेज विचारेल, पुढेमागे एसी बसवणार का विचारेल. बोलू द्या बिचाऱ्याला. दम लागून थांबला की म्हणा, "ते सगळं ठीक आहे हो, पण पॉइंटला किती?"

आकडा ऐकला की हसा आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये एक जण निम्म्यात करतो, असं सांगा. प्रत्येक समोरच्या बिल्डिंगमध्ये असा एक जण असतोच.

लायसन विचारू नका. उगाच माणूस दुखावतो.

नेमायचाच तर रंगाऱ्याचा भाचा नेमा. मी औंधच्या आयटीआयला वायरमन ट्रेडची दोन वर्षं काढली, मग परीक्षा देऊन सुपरवायझरचं सर्टिफिकेट, मग ठेकेदारीचं लायसन. भाच्यानं हे सगळं एका दिवाळीत, माळा लावता लावता उरकलेलं असतं.

वायर सगळीकडे दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, ओढा. दिव्याला दीड, गीझरला दीड, एसीलाही दीडच. वर जादा करंट झाला की पडणारी एमसीबी मात्र ३२ अँपिअरची टाका, म्हणजे सारखी पडायची नाही. भिंतीच्या आत इन्सुलेशन भाजून खारीसारखं झालं तरी एमसीबी आपली ताठ उभी.

स्विच वीज आणणाऱ्या फेजवर हवा की परतीच्या न्यूट्रलवर, असल्या वादात पडू नका. बंद केलेला एलईडी रात्रभर मिणमिणत राहिला तर नाइट लॅम्पचे पैसे वाचले.

आता अर्थिंग. हे आम्ही लोकांनी पैसे काढायला शोधलेलं खूळ आहे, हे मनाशी पक्कं धरा. हिरवी वायर प्रत्येक बोर्डापर्यंत ओढायची म्हणजे बंडलं वाढली, मजुरी वाढली, आणि फ्रिज तर तिच्याशिवायही चालतो! भाच्याकडे यावर जालीम उपाय आहे. सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेला वायरीचा तुकडा मारायचा. टेस्ट लॅम्प लावून बघा, लख्ख पेटतो. आलं अर्थिंग. गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला असाच एक तुकडा बोटांत धरून मी एका बाथरूममध्ये स्टुलावर उभा होतो. बोटाच्या पेराएवढा, काळा. ज्यांचं बाथरूम, त्यांना मे महिन्यात मी मजुरीचं ५८ हजारांचं एस्टिमेट दिलं होतं. त्यांनी २६ हजारांत करून घेतलं आणि वाचलेल्या पैशांत पावसासारखा पडणारा शॉवर आणला. त्या शॉवरचा कॉक सोडायला गेलं की सूनबाईंच्या हाताला मुंग्या यायच्या. आठ दिवस! आठ दिवस घरात चर्चा काय, तर बी-१२ कमी असेल. इंजेक्शनसुद्धा घेऊन झालं होतं. गीझरच्या न्यूट्रलचा जॉइंट फॉल्स सीलिंगच्या वर नुसता पिळून टेप गुंडाळलेला, तो ढिला पडला होता. गीझरच्या बॉडीवर मीटरनं ४० च्या वर व्होल्ट दाखवले. ढिला होता म्हणून मुंग्यांवर भागलं. सुटला असता तर अख्खे २३० कॉइलमधून फिरून त्या पेराएवढ्या तुकड्यावरून बॉडीला आले असते, आणि खाली ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. बरं, डीबीत, म्हणजे मेन बोर्डात, गळती झाली की वीज तोडणारी आरसीसीबी होती की! ३० मिलिअँपिअरची, मीच यादीत लिहून दिलेली. ती पडून पडून सांगत होती. भाच्यानं तिच्या खालच्या-वरच्या वायरी एकत्र करून तिला गप्प केली. "सारखी पडायची हो, नुसती कटकट."

अशा वेळी रात्री धावत आलेल्या माणसाला काय द्यावं? दोनशे रुपये. वर "तुम्ही घरचेच" म्हणावं, ते फुकट असतं.

टेस्ट रिपोर्टचीही चिंता नको. नव्या मीटरसाठी लायसनवाल्या ठेकेदाराचा रिपोर्ट लागतो खरा, पण आमच्यातलेच काही महाभाग घर न बघता, इन्सुलेशन तपासायचा मेगर पिशवीतून न काढता सही-शिक्का मारून देतात. इन्सुलेशनचे, अर्थचे सगळे आकडे घरी बसून, सुवाच्य अक्षरात. हे लिहिलं म्हणून उद्या मला त्यांचे फोन येतील. येऊ देत.

आणि त्या पोरावर खापर फोडू नका. १९ वर्षांचं पोर आहे, स्लिपर घालून लाइव्ह बोर्डात हात घालतं, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. मरायला तोच पहिला पुढे आहे. लाज तुम्हाला वाटायला हवी. साडेचार लाखांचं किचन करता, ड्रॉवर आवाज न करता मिटावा म्हणून बाहेरच्या बिजागऱ्या मागवता, आणि घासाघीस वायरीत करता, कारण ती भिंतीत जाते, पाहुण्यांना दाखवता येत नाही. देशात वर्षाला १० हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्यानं जातात. तुम्ही पेपर वाचून "नशीब" म्हणता आणि पान उलटता.

त्या रात्री मी गीझरची एमसीबी पाडली, तुकडा काढला, एमसीबीवर चिकटपट्टी लावून 'चालू करू नये' असं लिहून आलो. काल त्यांचा फोन. भाचा येऊन गेला म्हणे, मुंग्या थांबल्या. काय केलं त्यानं? नवी टेप मारली. आरसीसीबी? आहे तशीच. आणि मी काढलेला तुकडा?

"तो परत लावला त्यानं. त्याशिवाय अर्थिंग येत नाही म्हणाला."

अहो, सूनबाईंना बाथरूममधून बाहेर बोलवा. आधी गीझर बंद करा, मग बोला माझ्याशी.