स्कोअर ठीक, पण घोरण्याचं काय?
एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) दुसऱ्या अ‍ॅब्लेशननंतर (नळीने हृदयात जाऊन गडबड करणारी जागा निकामी करणं) परत येणार का हे एका स्कोअरवरून आधीच सांगता येईल असं एका लेखात म्हटलंय, बरंय, पण त्यात धरलेलं सगळं, म्हणजे वय, लेफ्ट एट्रियमचा (हृदयाचा वरचा डावा कप्पा) साइज, एएफ येऊनजाऊन आहे की मुक्कामालाच आलाय, हे टेबलवर घ्यायच्या आधीचं झालं. खरं चित्र कॅथेटर (ती बारीक नळी) आत गेल्यावर कळतं ना! पल्मनरी व्हेनचं (फुप्फुसाकडून हृदयात येणारी शीर) पहिल्या वेळी तोडलेलं विजेचं कनेक्शन परत जुळलेलं सापडलं तर उलट बरं, तेवढं पुन्हा बंद करायचं. चारही व्हेनचं कनेक्शन बंद आणि तरी एएफ चालूच, मग डॉक्टरपण शोधत बसतात. आमच्या सासऱ्यांच्या इकोवर एलए (लेफ्ट एट्रियम) ४८ एमएम, म्हणजे वाढलेलं, बघून सगळ्यांनी माना हलवल्या, पण रात्री घोरता का, श्वास अडकतो का (त्यानेही एएफ परत येऊ शकतो) हे कोणी विचारलंच नाही, सासूबाईंनीच विषय काढला तेव्हा कुठे स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) झाली. अ‍ॅडलेडच्या लेगसी अभ्यासात (२०१५) १० टक्के किंवा जास्त वजन उतरवणाऱ्यांचा एएफ बराच आटोक्यात आला होता, ते लेखात यायला हवं होतं. आणि स्कोअर चांगला आला म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून सोडू नका हं, ती स्ट्रोकच्या रिस्कवर ठरते.