मायावती आश्रमाची जमीन सयाजीरावांनी दिली नव्हती

बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: हिमालयातला मायावती आश्रम सयाजीराव महाराजांनी दान दिलेल्या जमिनीवर उभा आहे आणि विवेकानंद तिथे अनेक वर्षं राहिले. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

मायावती हा उत्तराखंडातल्या लोहाघाटजवळचा, सुमारे 6,400 फूट उंचीवरचा चहाचा मळा होता. तो विकत घेतला कॅप्टन जेम्स सेव्हियर आणि त्यांच्या पत्नी शार्लट या इंग्रज दांपत्याने. 1896 मध्ये आल्प्सच्या प्रवासात स्वामीजींनी हिमालयात असा मठ हवा, असं बोलून दाखवलं होतं. या दोघांनी ते मनावर घेतलं. 19 मार्च 1899 ला आश्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी कॅप्टन वारले. शार्लटबाईंच्या सांत्वनासाठी स्वामीजी जानेवारी 1901 मध्ये बर्फातून वाट काढत तिथे पोहोचले आणि जेमतेम पंधरवडा राहिले. तिथल्या एका खोलीत आपले गुरू श्रीरामकृष्ण यांच्या तसबिरीची पूजा चाललेली पाहून ते नाराज झाले. अद्वैताच्या, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या विचाराच्या, या जागी बाह्यपूजा नको, हा मूळ नियमच होता. पुढे ते देवघर बंद झालं.

घोटाळा बहुधा बडोद्यामुळे झाला असावा. 1892 मध्ये स्वामीजी इथे दिवाण मणिभाई जशभाईंकडे उतरले होते. ते राहिले तो दिलाराम बंगला आज रामकृष्ण मिशनकडे आहे. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण देणाऱ्या आपल्या महाराजांना उसन्या श्रेयाची गरज नाही, आणि सेव्हियर दांपत्याचं श्रेय हिरावणं तर अन्यायच. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.