ग्लासनेव्हिन फक्त कॅथलिकांची? अर्धंच खरं

आयर्लंडची राजधानी डब्लिन फिरून आलेल्यांच्या पोस्टमध्ये ग्लासनेव्हिन दफनभूमीबद्दल ठरावीक मजकूर असतो. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणारा आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल याने ती कॅथलिकांसाठी काढली, त्याचं शरीर तिथे आणि हृदय रोममध्ये आहे, आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावात फाशी-गोळीला सामोरे गेलेले नेतेही तिथेच पुरलेत. तिन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत, पण एकही जशीच्या तशी मान्य करता येत नाही.

आधी ‘कॅथलिकांसाठी’ हे बघू. त्याला आधार आहे, नाही असं नाही. कॅथलिकांना जाचक कायद्यांमुळे स्वतःच्या दफनभूमी नव्हत्या. प्रोटेस्टंट चर्चच्या आवारातच पुरावं लागे. 1823 मध्ये सेंट केव्हिन चर्चच्या आवारात एका कॅथलिकाच्या कबरीपाशी त्यांचे धर्मगुरू चार शब्द प्रार्थनेचे म्हणायला लागले, तर तिथल्या प्रोटेस्टंट सेवकाने त्यांना अडवलं. गावभर बोभाटा झाला. वकील असलेल्या ओकॉनेलने हे प्रकरण धरून ठेवलं आणि त्यातून आधी 1829 ला गोल्डनब्रिज ही दफनभूमी आणि मग फेब्रुवारी 1832 मध्ये ग्लासनेव्हिन उभी राहिली. तिथे पहिलं दफन झालं ते मायकेल केरी या अकरा वर्षांच्या मुलाचं.

पण गंमत पुढेच आहे. स्वतःवर ज्या कारणाने अन्याय झाला, तेच कारण पुढे करून दुसऱ्यांना बाहेर ठेवायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलेलं होतं. कुठल्याही धर्माचा माणूस असो की कुठलाही धर्म न मानणारा, सगळ्यांना इथे जागा. बहुसंख्य कबरी कॅथलिकांच्या आहेत, कारण शहरच तसं होतं. त्यावरून ‘फक्त कॅथलिकांची’ म्हणणं म्हणजे पुण्यातली रांग पाहून हॉटेल फक्त पुणेकरांचं म्हणण्यासारखं आहे.

पुरावाच हवा असेल तर पार्नेल बघा. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, आयरिश होमरूल चळवळीचा पुढारी, जन्माने आणि अखेरपर्यंत प्रोटेस्टंट. टिळकांनी 1916 मध्ये होमरूल लीग काढली, तेव्हा ज्या चळवळीचं उदाहरण समोर होतं, तिचाच हा नेता. विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण घटस्फोटाच्या खटल्यात उघड झाल्यावर कॅथलिक बिशपांनी त्याच्याविरुद्ध दंड थोपटले होते. तरी ऑक्टोबर 1891 मध्ये त्याला पुरलं ते ग्लासनेव्हिनमध्येच. कबरीवर ना पुतळा, ना क्रूस, ना पदव्यांची यादी. विक्लो भागातला ग्रॅनाइटचा ओबडधोबड मोठा दगड आणि त्यावर एकच शब्द: पार्नेल. ज्या जागेत तो आहे तिथे कॉलऱ्यात गेलेल्या गोरगरिबांना एकत्र पुरलेलं होतं. एकूण सुमारे 15 लाख माणसं या दफनभूमीत आहेत आणि त्यातल्या कित्येक लाखांच्या डोक्याशी साधा दगडही नाही. ‘प्रसिद्ध कबरी’ शोधत फिरणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

भिंतीतले बुरूज पाहूनही लोक काहीबाही अंदाज बांधतात. ते पहाऱ्याचे आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी प्रेतं चोरून विकणाऱ्या टोळ्या होत्या, त्यांना रोखण्यासाठी. कुत्रीसुद्धा पाळली होती.

आता हृदयाचं. ओकॉनेल 15 मे 1847 रोजी रोमच्या वाटेवर जिनोआत वारला. हृदय रोमला नेलं, शरीर डब्लिनला आणलं, इतकं बरोबर. पुढे ते हृदय जिथे ठेवलं होतं त्या रोममधल्या आयरिश कॉलेजची जागा बदलली आणि ते गहाळ झालं! शिलालेख आहे, हृदय नाही. तेव्हा ‘आहे’ म्हणण्याऐवजी ‘नेलं होतं’ म्हणावं. शरीर मात्र पक्कं ग्लासनेव्हिनमध्ये आहे. 1869 मध्ये ते उंच गोल मनोऱ्याखालच्या तळघरात हलवलं. दगडी पेटीला भोकं ठेवली आहेत, त्यांतून हात घालून आतल्या शवपेटीला लोक स्पर्श करतात, शुभ असतं म्हणे. याच मनोऱ्यात 1971 मध्ये बॉम्बस्फोट झाला, जिना गेला, आणि वर चढण्याची सोय पुन्हा झाली ती 2018 मध्ये.

तिसरा दावा सगळ्यात जास्त पसरलेला. उठावाचा एक नेता पॅट्रिक पिअर्स याने 1 ऑगस्ट 1915 रोजी जुना क्रांतिकारक ओडोनोव्हन रोसा याच्या कबरीपाशी गाजलेलं भाषण केलं, ते ग्लासनेव्हिनमध्येच; गोंधळ बहुधा तिथून सुरू होतो. पुढच्या मे महिन्यात डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात गोळ्या घातलेल्या चौदाजणांना, पिअर्ससह, शहरातल्याच आर्बर हिल इथे चुन्यात पुरलं. त्या काळी मृत्युदंड दिलेल्या सोळांपैकी ग्लासनेव्हिनमध्ये आहे तो एकटा रॉजर केसमंट, आणि तोही लंडनमधल्या पेंटनव्हिल तुरुंगाच्या आवारातून 1965 मध्ये आणलेला. नंतरच्या आयरिश यादवीत एकमेकांसमोर उभे ठाकलेले स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी मायकेल कॉलिन्स आणि डी व्हॅलेरा मात्र दोघेही इथेच आहेत. कॉलिन्सच्या कबरीवर फुलं जास्त.

आणि इथे नुसते स्वातंत्र्यवीरच नाहीत. ब्रिटिश सैन्यात मेलेल्या आयरिश सैनिकांच्याही कबरी आहेत. त्यांच्यासाठी 2014 मध्ये क्रूस उभारला. 2016 मध्ये उठावातल्या सगळ्याच मृतांची, ब्रिटिश शिपायांसकट, नावं एका भिंतीवर कोरली, तेव्हा मोठा वाद झाला. 2017 आणि 2020 मध्ये तिची मोडतोड झाली आणि शेवटी व्यवस्थापनाने तो उपक्रमच सोडून दिला.