‘एका म्यानात दोन तलवारी’ : डुअल बूटविषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

विंडोज १० ला मिळणारा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी का, हा प्रश्न मुंबईतल्या अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत विचारला जाऊ लागला. त्याला उत्तर म्हणून सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुढे ढकलला जात आहे. ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ अशी त्याची सुरुवात आहे. एकाच संगणकात दोन सिस्टिम टाकल्या, म्हणजे डुअल बूट केले, की त्याचा वेग निम्मा होतो, विंडोजचे लायसन्स रद्द होते, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना मान्य स्वाक्षरी नसलेला प्रोग्रॅम चालू न देणारी सुरक्षा) कायमचे बंद करावे लागते, विंडोजमधला डेटा पुसला जातो, मदरबोर्डचे घड्याळ बिघडते, पुढचे अपडेट आले की लिनक्स उडते आणि लिनक्स काढायचे म्हटले तर अख्खी डिस्क फॉरमॅट करावी लागते, असे तो सांगतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकात, सगळे होत असताना हा उपद्व्याप कशाला, असा सवाल करून ‘खात्री नसेल तर लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानात विचारा’ असा मुंबईतल्या संगणक-बाजाराचा दाखलाही तो जोडतो.

हा संदेश निव्वळ थापांचा नाही, आणि म्हणूनच तो सविस्तर तपासण्याजोगा आहे. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीमागे कुठे ना कुठे खरोखर घडणारा प्रकार आहे. फक्त त्याचे कारण भलतेच सांगितले आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) लागते आणि आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर, काही अपवाद सोडले तर, मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत. ज्याचे यंत्र ठणठणीत आहे, पण ज्याला टॅली, पेजमेकर किंवा श्री-लिपी अशा विंडोजमधल्या प्रोग्रॅमांवर बसवलेली जुनी कामे सोडता येत नाहीत, त्याच्यासाठी इंटरनेटची कामे लिनक्समध्ये आणि ही ठरावीक कामे इंटरनेटपासून तोडलेल्या विंडोजमध्ये, ही विभागणी शहाणपणाची आहे. अशा माणसाला खोट्या कारणांनी मागे फिरवणे योग्य नाही.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत कच्चा आहे. डुअल बूटमध्ये दोन सिस्टिम एकाच वेळी चालत नाहीत. संगणक सुरू करताना एक निवडली जाते आणि प्रोसेसर व रॅम पूर्णपणे तिच्या ताब्यात जातात. दुसरी त्या वेळी डिस्कवर निपचित पडलेल्या फायलींखेरीज काही नसते. म्यानाचीच उपमा द्यायची तर एका वेळी उपसलेली तलवार एकच असते. वाटून घ्यावी लागते ती डिस्कवरची जागा. लिनक्सच्या उबुंटू या वितरणासाठी (तयार आवृत्तीसाठी) किमान २५ जीबी सांगितले जातात, आणि २५६ जीबीची एसएसडी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर त्यातून जागा काढल्यावर विंडोज रखडू शकते. तो दोष भरलेल्या डिस्कचा आहे. सुरू होताना निवडीचा मेनू काही सेकंद थांबतो, तेवढा उशीर मात्र खरा.

लायसन्सविषयीही फार बोलावे असे काही नाही. विंडोज १० आणि ११ ची डिजिटल नोंद मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेली असते, आणि विंडोज ८ च्या काळापासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची किल्ली फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) साठवलेली असते. शेजारच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या भागावर, काय आहे, याच्याशी तिला देणेघेणे नाही. लॅपटॉपसोबत आलेले रिकव्हरी पार्टिशन मात्र जागा वाचवण्याच्या मोहात पुसू नये. सर्व्हिस सेंटरने यंत्र मूळ स्थितीत आणायला सांगितले तर तेच उपयोगी पडते.

सिक्युअर बूटचा मुद्दा एका दशकाहून जुना आहे. विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये ही व्यवस्था आली तेव्हा लिनक्सच्या गोटात खळबळ उडाली होती हे खरे. पण त्यानंतर लगेचच ‘शिम’ नावाचा छोटा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीसह मिळू लागला, आणि उबुंटू, फेडोरा यांसारख्या प्रमुख वितरणांत तो वर्षानुवर्षे आहे. ही वितरणे सिक्युअर बूट चालू ठेवूनच बसवता येतात. लोक अडखळतात ते पुढच्या पायरीवर. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर निवडला तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठेवायला सांगतो आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर चार-पाच ओळींचा एक रूक्ष मेनू येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहुतेक जण घाबरून पहिल्याच ओळीवर, म्हणजे ‘कंटिन्यू’वर, एंटर दाबतात, ड्रायव्हर लोड होत नाही, आणि मग कोणीतरी सल्ला देतो की सिक्युअर बूट बंद करून टाका. आर्चसारख्या काही वितरणांना ही सोय आयती मिळत नाही. पण पहिल्यांदाच लिनक्स टाकणाऱ्याने आर्चपासून सुरुवात करावी, असे कोणी सांगत असेल तर त्याचा सल्ला वेगळ्या कारणासाठी टाळावा.

आता डेटाचा मुद्दा. इथे संदेशातली भीती सर्वांत रास्त आहे आणि स्पष्टीकरण सर्वांत चुकीचे. लिनक्स स्वतःहून विंडोजचे पार्टिशन पुसत नाही. पुसतो तो इन्स्टॉलरमधला ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय, जो ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ या पर्यायाच्या अगदी जवळ असतो आणि घाईत निवडला जातो. कधी कधी तर शेजारी बसवण्याचा पर्याय दिसतच नाही आणि माणूस उरलेला पर्याय निमूटपणे निवडतो. तो न दिसण्याची दोन नेहमीची कारणे आहेत. पहिले, अनेक लॅपटॉपांत डिस्क इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर ठेवलेली असते, त्यामुळे लिनक्सच्या इन्स्टॉलरला एसएसडीच सापडत नाही. ती फर्मवेअरच्या सेटिंगमधून एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणावी लागते, आणि तेही विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करण्याची तजवीज करूनच, नाहीतर विंडोज सुरू होण्यास नकार देते. दुसरे कारण बिटलॉकर, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणारी (किल्लीविना वाचता न येणारी करून ठेवणारी) विंडोजची सोय.

बिटलॉकरविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण ‘लिनक्स टाकले आणि सगळे गेले’ या प्रकारच्या अनेक कहाण्या प्रत्यक्षात इथल्या असतात. अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्क कूटबद्ध केलेली असते आणि पुष्कळदा मालकाला त्याची कल्पनाही नसते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर नव्याने बसवलेल्या यंत्रांवर ही गोष्ट आपोआप होण्याचे प्रमाण वाढले आहे. कूटबद्ध डिस्क उघडणारी किल्ली टीपीएममध्ये असते, आणि बूट होण्याच्या साखळीत काही बदलले असे टीपीएमला वाटले की ती दिली जात नाही. मग निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. मात्र ते खाते दुकानदाराने लॅपटॉप चालू करून देताना स्वतःच्या एखाद्या ईमेलने उघडले असेल, तर डेटा डिस्कवर जसाच्या तसा असूनही मालकाच्या दृष्टीने तो गेल्यातच जमा होतो. म्हणून लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करण्याआधी ही की शोधून कागदावर उतरवून घ्यावी, विंडोजच्या सेटिंगमधून कूटबद्धता काढून डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबावे आणि महत्त्वाच्या फायली वेगळ्या डिस्कवर घ्याव्यात. सी ड्राइव्ह आकसण्याचे काम लिनक्सच्या इन्स्टॉलरपेक्षा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटकडून करून घेणे बरे. बरीच जागा रिकामी असूनही तिथे थोडीच आकसता येते असे दिसले, तर हायबरनेशन आणि पेजिंगच्या हलवता न येणाऱ्या फायली मध्ये बसल्या आहेत असे समजावे आणि त्या तात्पुरत्या बंद कराव्यात.

डेटा बिघडण्याची आणखी एक वाट आहे, तीही कमी लोकांना ठाऊक असते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे तिचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठवला जातो. अशा अवस्थेत लिनक्सने त्याच पार्टिशनवर काही लिहिले तर उठलेल्या विंडोजच्या आठवणीतली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क यांचा मेळ बसत नाही. म्हणूनच लिनक्स असे पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा उघडतच नाही, आणि लोक त्याला ‘ड्राइव्ह खराब झाला’ म्हणतात. फास्ट स्टार्टअप बंद केला की हा प्रश्न मिटतो.

उलट दिशेची तक्रारही ऐकू येते की, लिनक्स टाकल्यावर मेनूतून विंडोजच गायब झाले. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारी ‘ओएस-प्रोबर’ ही सोय सुरक्षेच्या कारणावरून मुळात बंद ठेवली जाते. ग्रबच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलून मेनू पुन्हा तयार केला की विंडोजचे नाव हजर होते. तोवर ते डिस्कवर सुखरूप असते.

घड्याळाची तक्रार मात्र मला मनापासून आवडते, कारण तिचे उत्तर तक्रारीतच दडलेले आहे. मदरबोर्डवरचे घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे विंडोज मानते, तर ते जागतिक प्रमाणवेळ दाखवते असे लिनक्स मानते. भारतीय वेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते, आणि दुपारी बाराला छापलेल्या बिलावर सकाळचे साडेसहा उमटतात. सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी खरोखर संपली असेल तर तारीखच मागच्या एखाद्या वर्षात जाते, ती असा नेमका साडेपाच तासांचा हिशेब ठेवत नाही. तरीही याच लक्षणावर बॅटरी बदलून पैसे घेतले जातात. दोहोंपैकी एका सिस्टिमला दुसरीची पद्धत स्वीकारायला लावणे, एवढाच यावर उपाय आहे. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावणे सर्वांत सोपे. उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांत त्यातून गोंधळ होतो, पण आपल्याकडे ती प्रथाच नसल्याने ती अडचण येत नाही. दोन्हीकडे बदल केला तर मात्र तोच फरक उलट्या दिशेने परत येतो.

अपडेटविषयीचा मुद्दा मी अंशतः मान्य करतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ग्रबमधील एका जुन्या सुरक्षा-त्रुटीवर उपाय म्हणून जुने शिम नाकारणारे धोरण फर्मवेअरमध्ये घातले. डुअल बूटच्या यंत्रांना ते लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते, तरी अनेक यंत्रांना लागू झाले आणि लिनक्स सुरू होईना. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समधून ते धोरण काढायचे आणि सिक्युअर बूट परत चालू करायचे, हा मार्ग तेव्हा वापरावा लागला. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. दोष मायक्रोसॉफ्टचा होता, आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण त्याही वेळी लिनक्सची एकही फाइल पुसली गेली नव्हती. एरवी अपडेटनंतर लिनक्स ‘उडते’ तेव्हा बहुधा फर्मवेअरमधल्या बूटच्या क्रमात विंडोज पुन्हा पहिल्या नंबरावर आलेले असते. आजच्या यूईएफआय (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या) यंत्रांत दोन्ही बूटलोडर एकाच छोट्या ईएफआय पार्टिशनवर आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. क्रम पूर्ववत केला की काम झाले. बायोस या जुन्या फर्मवेअरच्या काळी डिस्कच्या आरंभी ४४६ बाइटांची एकच जागा होती, नव्याने बसवलेले विंडोज ती बळकावत असे, आणि लॅमिंग्टन रोडवर या भीतीला जे दुजोरा देतात ते बहुधा त्या काळाच्या अनुभवावरून बोलतात.

व्हर्च्युअल मशीनविषयी संदेश अर्धा बरोबर आहे. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रयोगवहीपुरत्या लिनक्सच्या आज्ञा आणि शेल स्क्रिप्ट चालवायच्या असतील, तर विंडोजमधली डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) पुरे. त्यासाठी पार्टिशनला हात लावू नये. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले पाठही आहेत. पण ८ जीबी रॅमच्या यंत्रावर व्हर्च्युअल मशीन चालवले की त्या रॅमचे खरोखरच दोन वाटे होतात. वेग निम्मा होण्याची तक्रार कुठे शोभत असेल तर ती इथे. आणि ज्याचे विंडोज १० आता सुरक्षा-दुरुस्त्यांविना आहे, त्याने तेच खाली ठेवून वर लिनक्स चालवण्यात काय साधणार?

राहिला लिनक्स काढण्याचा मुद्दा. त्यासाठी डिस्क फॉरमॅट करावी लागत नाही, मात्र क्रम पाळावा लागतो. आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा आणि विंडोज सरळ सुरू होते याची खात्री करावी. जो हे न करता आधी लिनक्सचे पार्टिशन पुसतो, त्याला पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ग्रबची ओळ दिसते, आणि ‘फॉरमॅट करावे लागते’ हा समज तिथूनच निघाला असावा. तसे झालेच तरी बूट मेनूतून विंडोज निवडता येते. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचे पार्टिशन काढून रिकामी जागा सी ड्राइव्हला जोडावी. ही जोडणी सी ड्राइव्हच्या लगत उजवीकडे असलेल्या जागेशीच होते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर विंडोजची ही सोय चालत नाही, आणि मोकळ्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करून ठेवणे हा त्यातला कमी जोखमीचा मार्ग आहे. ईएफआय पार्टिशनवर लिनक्सचे काही एमबींचे फोल्डर मागे उरते. ते तसेच राहिले तरी काही बिघडत नाही.