बर्फाची भिशी

२०२३ च्या ऑगस्टात पावसाने अशी दडी मारली होती की आमच्या नगरमध्ये गप्पांना एकच विषय उरला होता: नळाला पाणी कधी येणार. त्याच महिन्यात कल्पनाची भिशी लागली. वीस बायका, दोन-दोन हजार, एकरकमी चाळीस. आमच्या गल्लीत भिशी लागली की बाई एकतर सराफाकडे जाते नाहीतर फ्रीज बदलते. कल्पनाने नोटा मोजल्या, रबर लावलं, डाळीच्या डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "मला बर्फावर घसरायचंय."

"काश्मीर बघायचंय म्हणतेस?"

"बघायचं नाही. घसरायचंय. पायाला त्या लांब पट्ट्या बांधून. काचेआडून चहा पीत बर्फ बघायला मी सतरा महिने भिशी भरलेली नाही."

पैसा तिचा, त्यामुळे वाद घालायला मला जागा नव्हती. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माझ्या हाती फक्त नियोजन आलं. नवं रजिस्टर काढून त्यावर 'स्की' असं लिहिलं आणि आत आवक, जावक, शिल्लक असे तीन रकाने आखले. आवक चाळीस हजार. माणसं चार: आम्ही दोघं, आठवीतला ओंकार आणि पाचवीतली सई. रजा नऊ दिवस, तीही साहेबांनी तोंडी कबूल केलेली.

सुरुवात एका टूरवाल्यापासून केली. त्याने आकडा सांगितला. मी विचारलं, "चौघांचे ना?" तो हसला. बराच वेळ हसला. त्याच्या सहलीत स्की नव्हतंच, बर्फात उभं राहून फोटो काढणं होतं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी त्याचं नाव लिहून खोडलं.

मग उत्तराखंडातल्या औलीचा विचार केला. तिथे सरकारी कोर्स असतात, आणि वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग लागतात म्हटल्यावर माझी आई खर्चाला हातभार लावायला तयार झाली. पण त्याच वर्षी जानेवारीत औलीच्या पायथ्याच्या जोशीमठच्या घरांना तडे गेले होते आणि वर जाणारा रोपवे बंद पडला होता. आई म्हणाली, "जमीनच घसरतेय तिथे तुम्ही आणखी काय घसरणार?" औली बाद झालं, आईचा हातभारही गेला.

राहिलं गुलमर्ग. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे. राहणं, जेवण, साहित्य असं सगळं तिच्या कोर्समध्ये येतं. मला ती मनापासून आवडली, पण कोर्स माझ्या रजेत बसेना. नऊ दिवसांतले जवळजवळ सहा जाण्यायेण्याचा प्रवासच खाणार होता. झेलम एक्सप्रेस नगरवरून जाते हे आमचं मोठं भाग्य. रात्री बसायचं, दोन रात्री आणि मधला सबंध दिवस काढून जम्मूला उतरायचं. स्लीपरचं तिकीट माणशी आठशेच्या आसपास. पुढे जम्मूहून बनिहालपर्यंत वडापची सुमो आणि बनिहालहून श्रीनगरची रेल्वे. ही गाडी अकरा किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे काश्मीर खोऱ्यात निघते आणि तिचं तिकीट इतकं कमी होतं की मी तीनदा तपासलं. स्टोअरकीपरला स्वस्त वस्तूचा आधी संशय येतो.

राहायचं गुलमर्गला नाही, तेरा किलोमीटर अलीकडे टंगमर्गला, हेही ठरलं. तिथे एक घरगुती लॉज फोनवर सापडला. मालक फार अगत्याने बोलले. भाव पाडताना मी चार वेळा "मुलं लहान आहेत" म्हटलं. पाचव्या वेळी त्यांनीच विचारलं, "कितने छोटे हैं भाईसाहब?" आणि दोनशे रुपये कमी केले. फोन ठेवता ठेवता सहज म्हणाले, "सिम पोस्टपेड है ना? बाहर का प्रीपेड यहाँ नहीं चलता."

आमच्या घरात चार फोन आणि चारही प्रीपेड. एक पोस्टपेड करून घ्यावं, तर त्या महिन्याच्या बिलाला जावकच्या रकान्यात जागा नव्हती. रात्री अंधारात कल्पनाचा आवाज आला, "संतोषचा कंपनीचा फोन आहे."

संतोष माझा मेव्हणा. एका फायनान्स कंपनीत वसुलीला. मी त्याला फोन लावला. "दाजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आठवण काढलीत," म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दाटून आला. "माझा खर्च मी करीन बरं का." रजिस्टरमध्ये मी त्याची नोंद आवकच्या बाजूला केली. प्रेमही होतं, पण त्याला रकाना नव्हता.

तिकिटं तेव्हा एकशेवीस दिवस आधी उघडायची. १९ जानेवारीचं तिकीट २१ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी नेमक्या गौरी यायच्या होत्या. दारात रांगोळीची पावलं, हातात मुखवटे, सगळ्यांच्या तोंडी "गौरी आल्या सोन्याच्या पावली", आणि मी कोपऱ्यात मोबाइलवर आठ वाजायची वाट बघतोय. आठ वाजून तीन मिनिटांनी मी ओरडलो, "आल्या!" आईला वाटलं गौरींबद्दलच म्हणालो. पाच बर्थ, तीन एका डब्यात, दोन दुसऱ्या.

गोंडोलाचा प्रश्न मी स्वतःच निकालात काढला. गुलमर्गची ती प्रसिद्ध केबल कार दोन टप्प्यांत चढते. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर. जगभरातले पट्टीचे स्कीवाले तिथून उड्या घेतात. आमच्याकडे पोराला पोहायला शिकवताना विहिरीत ढकलतात हे खरं, पण पाठीला डबा बांधून. वरून ढकलायचं आणि डबाही नाही, असल्या खेळासाठी पाचजणांचं तिकीट कोण काढणार? शिकाऊ लोक खाली, उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात त्या मैदानाच्या उतारावरच शिकतात. पट्ट्या खांद्यावर घेऊन पायी चढायचं आणि घसरत उतरायचं. चढणं फुकट. फक्त स्की, बूट आणि काठ्या भाड्याने घ्यायच्या, शिकवणाऱ्याला दिवसाचे पैसे द्यायचे. रजिस्टर पहिल्यांदा जुळलं.

जुळलं ते कपड्यांपर्यंत. जानेवारीत पहाटे दहा अंशांवर पारा आला की नगरचा माणूस कानटोपी घालून शेकोटीपाशी बसतो. तिकडे रात्री उणे दहा. पाचजणांचे कपडे विकत घ्यायचे तर गुलमर्गला जायची गरजच उरत नव्हती, घरीच कपडे घालून बसावं लागलं असतं. नगर हे रणगाड्यांचं गाव, आर्मर्ड कोअरचं मोठं केंद्र इथे आहे, त्यामुळे प्रत्येक गल्लीत एखादे निवृत्त सुभेदार असतातच. आमच्या गल्लीतल्या सुभेदारकाकांनी चार हिवाळे कुपवाड्यात काढलेले. बातमी कळताच ते न बोलावता आले आणि अंगणात खुर्ची टाकून बसले.

"सामान मांडा."

आम्ही मांडलं. तीन स्वेटर, माझा लग्नातला कोट, ओंकारची एनसीसीची जर्सी, शेजारून आणलेले दोन रेनकोट, कारखान्यातून मागून घेतलेले वेल्डिंगचे चष्मे आणि हातमोजे, संतोषचं मोटरसायकलचं हेल्मेट. काकांनी माझे नवेकोरे सुती बनियन काठीने उचलून बाजूला टाकले.

"कापूस गद्दार असतो. घाम पितो आणि ओला होऊन अंगाला चिकटतो. तीन थर लागतात. आतला घाम सोडणारा, मधला उबेचा, बाहेरचा वारा-पाणी अडवणारा. लोकर ओली झाली तरी ऊब देते. लोकर काय आहे घरात?"

घरात माझ्या आजोबांची घोंगडी होती. काळी, जाड, धनगराच्या मागावर विणलेली, माळ्यावर डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली. काकांनी ती सईच्या डोक्यावर खोळीसारखी घातली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी ओघळून गेलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी आतून सईचा आवाज आला, "काका, आता आत आलं."

"दहा मिनिटं पुष्कळ झाली," काका म्हणाले.

कल्पनाला त्या घोंगडीची जाकिटं शिवायची होती. शिंप्याने हात लावून बघितला, मशीनवर एक सुई मोडली आणि अदबीने सांगितलं, "वहिनी, हे खोगीर शिवणाऱ्याचं काम आहे." शेवटी घोंगडी जशीच्या तशी न्यायची ठरलं. स्लीपरला माणशी चाळीस किलो सामान चालतं, त्यामुळे रेल्वेची हरकत नव्हती. हरकत वासाची होती. पाणी पडल्यापासून तिला मेंढीची आठवण यायला लागली होती.

एवढ्यावर काका थांबले नाहीत. "मास्तरला दिवसाचे पैसे देणार, मग पहिला दिवस उभं राहायला शिकण्यात घालवू नका," म्हणाले, आणि डिसेंबरातले चार रविवार आम्ही चांदबीबीच्या महालाच्या टेकडीवर कवायत केली. स्कीमध्ये थांबायला ब्रेक नसतो. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या आणि गुडघे वाकवायचे. त्याला म्हणतात स्नोप्लाऊ, म्हणजे बर्फातला नांगर. मुरमाड उतारावर आम्ही पाचजण एका ओळीत, गुडघे वाकलेले, अंगठे आत, हातात वेळूच्या काठ्या, आणि मागून काकांची आरोळी: "नांगर!" की जागच्या जागी गोठायचं. कल्पना पहिल्याच रविवारी पास झाली. माझे अंगठे ऐन वेळी बाहेर जात. "स्टोअरकीपर, तुझा नांगर नाही, तुझी तिफण आहे," काका म्हणायचे. शेजारी शेरडं चारणारा एक म्हातारा दोन रविवार गप्प बघत होता. तिसऱ्या रविवारी त्याने न राहवून विचारलं, "काय वो पाव्हणं, समद्यांचं पाय एकदमच मुरगाळल्यात व्हय?"

२१ डिसेंबरला काश्मिरात चिल्लई कलान लागतं, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. त्यामागून वीस दिवसांचं चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. "थोरली, धाकटी आणि शेंडेफळ," कल्पना म्हणाली. आमच्या तारखा मी मुद्दाम थोरलीत बसवल्या होत्या. बर्फाचा खात्रीचा हंगाम.

थोरली आली, पण कोरडी. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ओंकारने मोबाइलवर गुलमर्गचा फोटो दाखवला. पिवळं गवत. मी म्हटलं उन्हाळ्यातला असेल. त्याने तारीख दाखवली. बर्फ आणणारे पश्चिमेकडचे वारे यंदा कमजोर होते. मग रोज तसेच फोटो. ज्या उतारावर फुकट चढायचं होतं त्यावर माती, आणि मातीवर हिरमुसलेले पर्यटक. ऑगस्टात आमच्याकडे पावसाने ओढ दिली, जानेवारीत तिकडे बर्फाने. आई म्हणाली, "नगरच्या माणसाने तिकीट काढल्यावर दुसरं काय होणार?"

टंगमर्गच्या मालकांना फोन लावला. भाव पाडताना न दमलेला माणूस आता अगदी खालच्या आवाजात बोलत होता. "मत आइए भाईसाहब. बच्चों को घास दिखाऊँगा तो मुझे शर्म आएगी." आगाऊ पैसे त्यांनी घेतलेच नव्हते. मला उगाच त्या दोनशे रुपयांची आठवण झाली.

तिकिटं रद्द केली. स्लीपरला माणशी एकशेवीस कापतात. पाच माणसं, जाऊन-येऊन दहा तिकिटं, बाराशे रुपये. स्की या विषयावर आमचा झालेला एकूण खर्च तो हाच. संतोषने त्याचे दोनशे चाळीस काढले नाहीत, मीही मागितले नाहीत. घोंगडी माळ्यावर गेली, रेनकोट शेजारी गेले, हेल्मेट संतोषच्या डोक्यावर गेलं. सुभेदारकाका आठवडाभर आमच्या दारावरून मान खाली घालून जात होते, जणू पुरवठा त्यांच्याकडून तुटला होता.

महिना संपता संपता गुलमर्गला बर्फ पडला. भरपूर पडला. तिथल्या खेलो इंडियाच्या स्पर्धा फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्हायच्या होत्या, त्या लांबवून २१ तारखेपासून घेतल्या. कल्पना टीव्हीसमोर मेथी निवडत होती. एक मुलगी उतारावरून सुसाट येऊन खाली थांबली. "बघा, अंगठे आत," कल्पना म्हणाली. थोड्या वेळाने मेथीच्या जुडीकडे बघत म्हणाली, "त्यांना बरी तारीख पुढे ढकलता आली."

डाळीच्या डब्यातले अडतीस हजार आठशे तसेच राहिले. उन्हाळ्यात फ्रीज बंद पडला, तिने मेकॅनिक बोलावला. डब्याला हात लावला नाही.

पुढच्या दिवाळीत मी रजिस्टर पुन्हा काढलं. रेल्वेने नोव्हेंबरपासून आरक्षण साठ दिवसांवर आणलं होतं, म्हणजे बर्फाचा अंदाज घ्यायला दोन महिने जास्त मिळत होते. या वेळी जाणार ते फेब्रुवारीत, धाकटीच्या पदरात. टंगमर्गच्या मालकांनी भाव स्वतःहून मागच्याच वर्षीचा ठेवला. काकांनी टेकडीवरचे रविवार लावून टाकले.

भाऊबीजेला संतोष आला. पाटावर बसला, डोक्यावर टोपी, समोर ताम्हण. मी म्हटलं, "संतोष, फेब्रुवारीचं लक्षात आहे ना? तुझ्याशिवाय जमायचं नाही."

"येणार तर दाजी! आता रजेचीही कटकट नाही. ती कंपनीच सोडली मी. त्यांचा फोनही परत केला. आता हा आपला स्वतःचा." त्याने खिशातून नवा फोन काढून दाखवला. "चौऱ्याऐंशी दिवसांचं रिचार्ज मारलं की बघायला नको."

कल्पनाचा ताम्हणाचा हात हवेतच थांबला. निरांजन तिरपं झालं. तिने ते सरळ केलं, एक फेरा पूर्ण केला आणि भावाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "या वर्षी साडी नको. ओवाळणीत पोस्टपेड घे."